कोंडाबाईची जागा

“जागा हाय का सायेब? बसण्यापुरती.”

दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसानं असं विचारलं, तेव्हा मला वाटलं, याला सावलीत जरा टेकायचं असेल. मे महिन्यातले सकाळचे अकरा वाजले होते. नगर जिल्ह्यातल्या आमच्या करंजखेलला त्या दिवसांत अकरानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आवाराची भिंत एका बाजूनं ढासळली होती, तिचं काम कुठवर आलंय ते बघायला मी आलो होतो.

“बसा की,” मी म्हणालो. “लिंबाखाली बसा. पाणी पाहिजे का?”

“मला न्हाई. आईला बसवायचं हाय.”

त्यानं हात केला तिकडं मी पाहिलं. रस्त्याच्या कडेला एक छोटा टेम्पो उभा होता. हौद्यात पाच-सहा माणसं दाटीनं बसली होती आणि त्यांच्या मधोमध भगव्या लुगड्यात गुंडाळलेली एक म्हातारी मांडी घालून बसवलेली होती. मान कलू नये म्हणून कुणीतरी ती मागून धरून ठेवली होती. म्हातारी मेलेली आहे हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. तो माणूस होता मच्छिंद्र शिंदे, डवरी गोसावी. डमरू वाजवून दारोदार नाथांची गाणी म्हणणारी ही माणसं. वर्षातले आठ महिने फिरतीवर. त्यांच्यात मेलेल्याला जाळत नाहीत, मांडी घालून मातीत बसवतात. उन्हाळ्यात त्यांची पालं आमच्या गायरानात पडायची आणि कुणी गेलं तर गायरानाच्याच एका कोपऱ्यात ते आपलं माणूस बसवायचे. त्या वर्षी गायरानात सौरऊर्जेच्या काचा उभ्या राहिल्या. भोवती तारेचं कुंपण आलं, राखणदार आला. मच्छिंद्र पहाटेच गावात गेला होता. गावकरी म्हणाले, आपल्या स्मशानात पुरायची पद्धत नाही, जाळायचं असेल तर जाळा, नाहीतर तुमच्या गावी न्या.

“आमाला गाव असतं तर पाल कशापायी ठोकलं असतं?” तो मला म्हणाला. रागानं नाही, खरंच उत्तर हवं असल्यासारखा.

मी गावातल्या हायस्कुलात हेडक्लार्क होतो आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमी समितीचा चिटणीस. दोन्हीकडं माझं काम एकच, नियम काय म्हणतो ते सांगायचं. मंडळीच्या सभासदांखेरीज कुणालाही जागा देऊ नये, हा ठराव माझ्याच अक्षरात लिहिलेला होता.

“ही ख्रिस्ती लोकांची दफनभूमी आहे,” मी म्हणालो.

“ठावं हाय. म्हून तर आलो. तुमीबी जाळत न्हाई.”

मी पाळकसाहेबांना फोन लावला. ते पुण्याला सभेला गेले होते, फोन बंद. मग भिंगारदिवे गुरुजींना लावला. गुरुजी मंडळीतले वडीलधारे पंच, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे. दहा मिनिटांत स्कूटरवरून आले. टेम्पोतलं प्रेत दिसताच त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, क्षणभर थांबले, पुन्हा घातली आणि मला भिंतीआड घेऊन गेले.

“रत्नाकर, मागच्या वर्षीचं विसरलास?”

विसरलो नव्हतो. मागच्या वर्षी वस्तीवर एका आजारी बाईसाठी आम्ही प्रार्थनेला जमलो होतो. मोबाइल वर धरून दहा-बारा पोरं घरात घुसली. धर्मांतर चाललंय म्हणाली. चौकीवर संध्याकाळपर्यंत बसवलं आम्हाला. निघालं काहीच नाही, पण तेव्हापासून आम्ही खिडक्या लावून गाणी म्हणत होतो.

“उद्या म्हणतील, ख्रिस्त्यांनी मढंसुद्धा बाटवलं,” गुरुजी म्हणाले. “आणि जागा तरी कुठं आहे आपल्याकडं?”

तेही खरं होतं. मिशनच्या काळातला अर्धा एकर तो. चार जागा उरल्या होत्या आणि चारही नेमलेल्या. त्यातली एक माझ्या पपांच्या शेजारची, आईसाठी ठेवलेली. डोक्याशी आणि पायाशी एकेक दगड रोवलेला. आई महिन्यातून एकदा येऊन पपांची कबर झाडायची, आणि जाता जाता आपल्या जागेवरूनही खराटा फिरवायची.

मी परत फाटकाशी गेलो आणि मच्छिंद्रला नाही म्हणून सांगितलं. नीट सांगितलं, समितीच्या ठरावासकट. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,

“आमी ख्रिस्ती झालो तर?”

टेम्पोतून त्याची बायको त्याच्याकडं बघायला लागली.

“आत्ता व्हतो,” तो म्हणाला. “काय म्हणायचं आसतं त्ये सांगा, म्हंतो. ह्ये काढू का?” त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली शिंगाची छोटी शिट्टी होती. नाथपंथाची खूण. त्यानं दोऱ्याला हात घातलासुद्धा.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माणसाला नाही म्हणून हाकलून द्यायची वेळ टळली, हे एक. आणि दुसरंही होतं. आमच्या मंडळीत कित्येक वर्षांत बाहेरचं नवं माणूस आलं नव्हतं. आहेत तीच पोरं पुण्या-मुंबईला जात होती. आणि इथं एक अख्खं कुटुंब आपल्या तोंडानं येतो म्हणत होतं.

“काढू नका अजून,” मी म्हणालो. “एक अर्ज लिहावा लागेल.”

गुरुजींना ते पटलं नाही. “कागद नको रे. कागद म्हणजे पुरावा.”

“कागद नसला तर काय सांगणार आपण? स्वखुशीनं आलेत असं लिहून घेतो. बाप्तिस्मा पाळकसाहेब आल्यावर होईल. सगळं नियमात बसतंय, गुरुजी.”

भिंतीच्या कामाची वही माझ्या हातात होतीच. तिच्यातलं एक पान फाडून टेम्पोच्या बॉनेटवर ठेवलं आणि लिहिलं. मी, खाली सही करणार, कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीनं, सहकुटुंब वगैरे. शेवटी एक वाक्य घातलं : माझी मयत आई हिचाही प्रभू येशूवर विश्वास होता. हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याशिवाय ती ठरावात बसत नव्हती, म्हणून घातलं.

“मला सही येती,” मच्छिंद्र म्हणाला आणि पेन घट्ट धरून एकेक अक्षर काढत त्यानं सही केली. काय लिहिलंय ते त्यानं विचारलं नाही.

तेवढ्यात आई आली. आमचं घर दफनभूमीमागच्या गल्लीत. भिंतीच्या गवंड्यानं पाणी आणायला जाताना तिला सांगितलं असावं. शहात्तर वर्षांची, जेमतेम पावणेपाच फूट उंच बाई, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पाण्याची कळशी. माझ्याशी एक शब्द न बोलता ती टेम्पोपाशी गेली, बायांना पाणी दिलं आणि मग म्हातारीच्या तोंडाकडं वाकून पाहिलं.

“ही तर कोंडाबाई!”

ओळख दारातली. कोंडाबाई दर उन्हाळ्यात आमच्या दारात यायची. पीठ नको, भाकरी दे म्हणायची. मग ओट्यावर बसून दोघी गुडघ्यांच्या दुखण्याबद्दल बोलायच्या. 

“कधी गेली?” आईनं विचारलं.

“रातीच. निजल्या जागी,” मच्छिंद्रची बायको म्हणाली.

आई माझ्याकडं वळली. “मग काय ठरलं?”

मी जरा ऐटीतच सांगितलं. अर्ज झालाय, सही झालीय, पाळकसाहेबांची संमती मिळाली की मागच्या भिंतीलगत कुठंतरी बघू. आईनं कागद मागितला. चष्मा लावून, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचला. मग मच्छिंद्रला जवळ बोलावलं.

“बाबा, येशूबद्दल तू काय ऐकलंयस?”

तो गोंधळला. माझ्याकडं पाहिलं. मग खरं तेच बोलला. “काय न्हाई आक्का. पर आई सकाळधरनं उनात हाय.”

आईनं कागदाची घडी घातली, फाडली, पुन्हा फाडली आणि तुकडे माझ्या शर्टाच्या खिशात कोंबले.

“आई!”

“इकडं ये. गुरुजी, तुम्हीही या.”

ती आम्हाला लिंबाखाली घेऊन गेली. मी चिडलो होतो. चार लोकांत माझा कागद फाडला होता तिनं.

“अगं, ते स्वतःहून म्हणतायत. आपण काही बळजबरी केलेली नाही.”

“माझ्या आजोबांची गोष्ट तू मंडळीच्या शंभर वर्षांच्या पुस्तकात लिहिलीस ना?”

“त्याचं आता काय?”

“ती खोटी आहे. मीच तुला तशी सांगितली.”

तिच्या आजोबांचा मला फार अभिमान होता. लक्ष्मण वाघचौरे. टाळ घेऊन चाळीस वर्षं गावोगाव सुवार्ता सांगत फिरलेला माणूस. कुणाच्या नादानं नाही, पोटासाठी नाही, तर शास्त्र वाचून, वाद घालून, पटल्यावर ख्रिस्ती झालेला, असं मी लिहिलं होतं. पोटासाठी बाटलेले, असं आम्हाला कुणी म्हणालं की मी तेच उदाहरण द्यायचो.

“मोठ्या दुष्काळात ते वीस वर्षांचे होते,” आई म्हणाली. “घरातली दोघं गेलेली. मिशनच्या आवारात ज्वारी वाटत होते. सगळ्यांनाच वाटत होते, ख्रिस्ती व्हा असं यांना कुणी म्हणालंही नव्हतं. यांनीच विचारलं, ख्रिस्ती झालो तर अख्खं पोतं मिळेल का? तिथं कुणीतरी तुझ्यासारखा लिहिणारा बसला होता. त्याला आनंद झाला. त्यानं नाव लिहून घेतलं.”

आईनं छत्री मिटून लिंबाच्या खोडाला टेकवली.

“पुढं लोक मागून ओरडायचे, आला बघा ज्वारीचा ख्रिस्ती. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. पण मरायच्या आधी मला जवळ बसवून म्हणाले, मार्थे, लोक खोटं बोलत नव्हते गं. येशू मला नंतर भेटला, खरंच भेटला. पण आजही गुडघे टेकले की आधी डोळ्यांपुढं ते पोतं येतं, आणि मग तो. चाळीस वर्षांत एकदाही तो आधी आला नाही. बारा वर्षांची होते मी. त्यांचं रडणं मी बघितलंय.” तिनं पदरानं मानेवरचा घाम पुसला. “या माणसाच्या डोक्यावर कशाला ते पोतं देतोस, रत्ना?”

मी नियमाचंच बोललो. “पण मग जागा देता येणार नाही.”

“माझी दे.”

“आई, ती पपांच्या शेजारची...”

“कुणाच्या शेजारची ते मला सांगतोस? सदतीस वर्षं मी त्या माणसाशेजारी बसले. आता हिला बसू दे.”

गुरुजी अस्वस्थ झाले होते. ते काही वाईट माणूस नव्हेत. “मार्थावहिनी, ते त्यांचे विधी करतील. भस्म, शंख, सगळं. ही जमीन आपल्या पूर्वजांनी प्रार्थना करून वेगळी केलेली आहे. हे मला माझ्या विश्वासाविरुद्ध वाटतं. खरंच वाटतं.”

“तर मग तुम्ही बाहेर थांबा, गुरुजी. मी राग धरणार नाही. मीसुद्धा त्यांचं काही म्हणणार नाही. पण आपल्या भिंतीच्या आत आहे म्हणून तिनं आपलं म्हणायचं का?”

गुरुजींनी टोपी सारखी केली. “मी बाहेर थांबतो,” म्हणाले आणि फाटकाबाहेर जाऊन स्कूटरला टेकून उभे राहिले. निघून मात्र गेले नाहीत.

खड्डा खणायला मच्छिंद्र होता, त्याचे दोन भाऊ होते, गवंडी होता. थोड्या वेळानं मीही कुदळ घेतली. आडव्या माणसाचा खड्डा लांब असतो, हा आखूड आणि खोल. मुरूम लागला होता. काम करताना मच्छिंद्रनं मला एकदाच विचारलं, “मंग आमी व्हायचं का न्हाई, ख्रिस्ती?”

“नाही,” मी म्हणालो. “आज नाही.”

“बरं.” तो पुन्हा खणायला लागला. गळ्यातली शिट्टी खणताना मध्ये येत होती, ती त्यानं पाठीवर टाकली.

तीन वाजता कोंडाबाईला खाली बसवलं. भोवती मीठ घातलं, कपाळाला भस्म लावलं. एका भावानं डमरू धरला आणि मच्छिंद्र गायला लागला. शब्द मला नीट कळत नव्हते. आई कडेला डोक्यावर पदर घेऊन उभी होती, डोळे मिटून. तिचे ओठ हलत होते. ती तिचं म्हणत होती, ते त्यांचं.

तेव्हाच दोन मोटरसायकली आल्या. चौघं होते. त्यातला एक मागच्या वर्षी वस्तीवर मोबाइल धरून पुढं असलेलाच. कुणीतरी कळवलं असणार. मी आत, कोपरापर्यंत मातीनं माखलेला. फाटकाकडं निघालो. खिशात कागदाचे तुकडे होते. सहीचा तुकडा वरच होता.

गुरुजी फाटकाच्या मधोमध येऊन उभे राहिले.

“इथं धर्मांतर चालू असल्याची माहिती आहे,” पोरगा मोबाइल वर धरून म्हणाला. “कोणाला बाटवलं? कागद दाखवा.”

“कागद नाही,” गुरुजी म्हणाले. मला आतून ऐकू येत होतं. “मोबाइल नीट धर. हाताला कंप येऊ देऊ नकोस. आत कोंडाबाई शिंदे आहेत. गोसावी म्हणून जन्मल्या, गोसावी म्हणून गेल्या आणि गोसावी म्हणूनच बसल्यात. त्यांना तीन हात जमीन गावानं दिली नाही. का दिली नाही ते गावाला विचार. मग इथं येऊन मला विचार, आम्ही का दिली. तेही सांगतो. त्या माउलीनं दिली,” त्यांनी मागं न बघता आईकडं हात केला, “मी द्यायला तयार नव्हतो. हेही सगळं येऊ दे त्यात.”

आत शंख वाजला. मोबाइल धरलेला पोरगा गुरुजींच्या खांद्यावरून आत बघत राहिला. भस्म, भगवं लुगडं, डमरू. त्याचा हात हळूहळू खाली आला.

“गावानं नाही म्हटलं?” त्यानं विचारलं. त्याला हे माहीत नसावं.

“सरपंचांना विचार.”

त्यांच्यातला एकजण म्हणाला, चला रे. जाताना एकानं गाडीवर बसल्या बसल्या आतल्या दिशेनं हात जोडले, ते मी पाहिलं.

माझा कागद त्या दिवशी खिशात सबंध असता तर काय झालं असतं, हे मी पुष्कळदा मनात आणून पाहिलं. आईनं तो त्या भीतीनं फाडला नव्हता. ती पोरं येतील हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

रविवारी उपासनेनंतर वाद झालाच. कुणी म्हणालं, दफनभूमी विटाळली. कुणी म्हणालं, आता फिरस्त्यांची रांग लागेल. पाळकसाहेबांनी सगळ्यांना बोलू दिलं. गुरुजी उठून एवढंच म्हणाले, “फाटकावर मी होतो. काय विचारायचं ते मला विचारा.” विचारलं कुणीच नाही. दोन घरं तीन-चार महिने उपासनेला आली नाहीत, मग येऊ लागली. चिटणीसपद मी वर्षभरानं सोडलं. मला कुणी सोडायला सांगितलं नव्हतं.

आजोबांची गोष्ट पुस्तकात दुरुस्त करू का, असं मी आईला विचारलं होतं. ती तांदूळ निवडत होती. “कर,” म्हणाली, “पण त्यांना येशू भेटला होता, तेही लिही.”

आई तीन वर्षांनी गेली, मार्च महिन्यात. पपांच्या शेजारी आता जागा नव्हती. माझ्या पणजीची कबर जुनी झालेली, तीच उघडून आईला तिथं ठेवलं. दोन रांगा मागं.

मे महिन्यात मच्छिंद्र आला. दारात आई दिसली नाही तसा समजला. तिच्याकडं घेऊन चला, म्हणाला. आम्ही दोघं दफनभूमीत गेलो. आधी तो कोंडाबाईपाशी टेकला, मग आईच्या कबरीपाशी येऊन तिच्या लांबीकडं बघायला लागला.

“आक्काला आडवंच ठिवलं?”

“हो. आमच्यात तसंच असतं.”

“आसू द्या. दमली आसंल.” त्यानं मागं वळून दोन रांगा पलीकडं पाहिलं. “आमची बसलीया. तिला हितलं दिसतंय.”

मग तो माझ्याकडं वळला. “सायेब, तुमचं काय म्हणायचं आसतं त्ये म्हणा की. मला यायचं न्हाई. मी हुबा ऱ्हातो.”

मी जन्मापासून ख्रिस्ती. उपासना एकही चुकवत नव्हतो. पण चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना मी कधी केली नव्हती. ते काम पाळकांचं, गुरुजींचं, आईचं. मी डोळे मिटले. डोळ्यांपुढं काही आलं नाही, पोतं नाही, कागद नाही, कुणी नाही. मी बोलायला लागलो. काय बोललो ते आठवत नाही; आईचं नाव होतं, कोंडाबाईचं होतं. थांबलो तेव्हा आमेन म्हणायला मंडळीतलं तिथं कुणीच नव्हतं.

शेजारून मच्छिंद्र म्हणाला, “हां. बराबर हाय.”